सामायिक सॉकेट बंद कुणी करायचं? नेटवर्किंग लायब्ररी लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

नेटवर्किंग लायब्ररी लिहिणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी काही जण ओपन सोर्स प्रकल्पांत आहेत. काही जण आपापल्या कंपनीत, बाकी टीम ज्याला हात लावायला बिचकते अशा 'कॉमन' नावाच्या फोल्डरचे राखणदार आहेत. हे पत्र दोघांनाही आहे, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या गटाला जरा जास्त आहे.

तुमचं डॉक्युमेंटेशन मी वाचतो. कनेक्शन उघडण्यावर पानंच्या पानं असतात: टाइमआउट, रिट्राय, डीएनएस, प्रॉक्सी, सर्टिफिकेट. बंद करण्याच्या वाट्याला एक ओळ येते, 'कनेक्शन बंद करते'. कुणाचं कनेक्शन, ते आणखी कोण वापरतंय, जो वापरतोय त्याचं काय होणार, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. एकाच थ्रेडनं (प्रोग्राममधल्या एका स्वतंत्र कामाच्या धाग्यानं) सॉकेट, म्हणजे कनेक्शनचं आपल्याकडचं टोक, उघडलं, वापरलं आणि मिटवलं एवढाच कारभार असता तर ती ओळ पुरली असती. पण हल्ली सॉकेट एकट्याचं राहतंच कुठे? एक थ्रेड त्यातून वाचत असतो, दुसरा त्यात लिहीत असतो. पूल, म्हणजे उघड्या कनेक्शनांचा साठा, तेच कनेक्शन आळीपाळीनं अनेकांना देतो. एचटीटीपी/२ मध्ये एका सॉकेटवरून शंभर रिक्वेस्ट एकाच वेळी चाललेल्या असतात. फोर्क झाला, म्हणजे चालू प्रोग्रामची (प्रोसेसची) प्रत निघाली, की तेच सॉकेट दोन प्रोसेसच्या हातात येतं.

अशा सामायिक कनेक्शनवर 'माझं काम झालं' आणि 'कनेक्शन तोडून टाका' या दोन पूर्ण वेगळ्या सूचना आहेत. तुमच्या बहुतेक लायब्ररींत दोन्हींसाठी एकच फंक्शन आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या वेगळ्या करा, आणि दुसरी सूचना देण्याचा हक्क कुणाला आहे हे कोडमध्येच दिसू द्या.

सुरुवात सगळ्यात खालच्या थरापासून करतो, कारण सगळ्यात वाईट घोळ तिथे होतो. युनिक्सच्या जगात सॉकेट म्हणजे प्रोग्रामच्या हातातला एक छोटा आकडा, फाइल डिस्क्रिप्टर. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीपासून हे असंच चालत आलंय. नवं काही उघडलं की मोकळ्या आकड्यांतला सगळ्यात लहान आकडा द्यायचा, असा पॉझिक्स या युनिक्स-मानकाचा नियम आहे. म्हणजे ७ नंबर बंद केला, तर पुढच्याच ॲक्सेप्टला किंवा ओपनला बहुधा ७ च मिळणार. आपल्याकडे बंद पडलेला मोबाइल नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत, आणि तरीही जुन्या मालकाच्या बँकेचे निरोप नव्या माणसाला येत राहतात. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तर क्षणभरही थांबत नाही.

आता असं बघा. पहिला थ्रेड ७ वर रिसीव्हमध्ये, म्हणजे डेटाची वाट पाहत, अडकून बसलाय. दुसऱ्या थ्रेडला वाटलं की कनेक्शन फार वेळ गप्प आहे, म्हणून त्यानं क्लोज(७) केलं. लिनक्सवर पहिला थ्रेड यानं जागा होत नाही. त्याचा सिस्टिम कॉल (कर्नलकडे केलेली विनंती) चालू आहे तोवर कर्नल मूळ कनेक्शन आतून धरून ठेवतो, त्यामुळे पलीकडच्या यंत्राला फिन पॅकेटही (कनेक्शन संपल्याचा निरोप) जात नाही. आकडा मात्र लगेच मोकळा झाला. तिसऱ्या थ्रेडनं दुसऱ्याच ग्राहकाचं कनेक्शन स्वीकारलं आणि त्याला ७ मिळाला. मग केव्हातरी जुन्या कनेक्शनवर चार बाइट येतात, पहिला थ्रेड जागा होतो, लूपच्या सुरुवातीला जातो आणि पुन्हा रिसीव्ह(७) करतो. आता तो भलत्याच ग्राहकाचा डेटा वाचतोय. त्याच्या हातात लिहिण्याचं काम असतं, तर एकाचं उत्तर दुसऱ्याला गेलं असतं. ना क्रॅश, ना एरर. लॉगमध्ये सगळं हिरवं.

लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये क्लोजच्या पानावर हा इशारा आहे: त्याच प्रोसेसमधले इतर थ्रेड सिस्टिम कॉलमध्ये डिस्क्रिप्टर वापरत असतील तर तो बंद करणं बहुधा शहाणपणाचं नाही. इतकी भयंकर गोष्ट इतक्या सौम्य भाषेत क्वचितच सांगितली गेली असेल.

त्याच पानावर आणखी एक सापळा आहे. क्लोज चालू असताना सिग्नल आला आणि ईआयएनटीआर ('मध्येच व्यत्यय आला' अशी एरर) परत मिळाला, तर पुन्हा एकदा क्लोज करावं असं कुणालाही वाटेल, कारण रीड आणि राइटला आपण तसंच करतो. लिनक्सवर मात्र एरर आली तरी आकडा आधीच मोकळा झालेला असतो. दुसऱ्यांदा केलेलं क्लोज एखाद्या बिचाऱ्या शेजारच्या थ्रेडच्या नव्याकोऱ्या सॉकेटवर पडतं. एचपी-यूएक्स या एचपीच्या युनिक्सवर नेमकं उलटं आहे, तिथे पुन्हा क्लोज करावंच लागतं. कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काय करायचं हे ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यानं लक्षात ठेवायचं असेल, तर मग लायब्ररी कशासाठी?

यावर बऱ्याच घरगुती लायब्ररींत दिसणारा उपाय म्हणजे 'इज क्लोज्ड' नावाचं एक बुलियन, म्हणजे खरं-खोटं एवढंच सांगणारी खूण. वापरण्याआधी ते तपासायचं, खरं असेल तर परत फिरायचं. तपासणी आणि प्रत्यक्ष वापर यांच्यामध्ये जी फट उरते, तिच्यातूनच वरचा सगळा प्रकार आत शिरतो. कुलूप लावून फट बुजवावी, तर रिसीव्ह करणारा थ्रेड ते कुलूप धरून तासभर बसतो आणि बंद करणाऱ्याला आत येता येत नाही. थोडक्यात, बुलियनवर हे भागत नाही.

ज्यांनी हा प्रश्न मनापासून सोडवलाय त्यांच्याकडे बघा. गो भाषेच्या नेट पॅकेजमध्ये प्रत्येक रीड-राइट आत शिरताना मोजणीत एकानं भर घालतो आणि बाहेर पडताना ती कमी करतो. क्लोज म्हटलं की आधी 'बंद' अशी खूण होते, अडकलेल्यांना एरर देऊन उठवलं जातं, आणि शेवटचा बाहेर पडला की मगच आकडा कर्नलला परत जातो. डॉटनेटमध्ये २००५ साली दुसऱ्या आवृत्तीबरोबर सेफहँडल आला, तोही अशीच मोजणी ठेवतो, आणि बंद केलेल्या हँडलचा आकडा दुसऱ्याला मिळून घोटाळा होऊ नये हा त्यामागचा एक उघड हेतू होता. जावाची युक्ति तर मला फार आवडते. युनिक्सवर ओपनजेडीके आधीपासून अर्धवट बंद करून ठेवलेलं एक सॉकेट डुप२ वापरून त्या आकड्यावर आणून बसवतं. आकडा भरलेलाच राहतो, त्यामुळे तो दुसऱ्याला मिळत नाही. अडकलेल्या थ्रेडना सिग्नल पाठवून उठवलं जातं, आणि ते सगळे निघून गेल्यावर खरं क्लोज होतं. तिघांच्या वाटा वेगळ्या आहेत, पण क्रम एकच: आधी दार लावा, मग आतल्यांना उठवा, आणि आकडा सगळ्यात शेवटी सोडा.

'प्रत्येक रीडला मोजणी म्हणजे वेग गेला' अशी तक्रार मी ऐकली आहे. एका ॲटॉमिक (मध्ये दुसरा थ्रेड शिरू न शकणाऱ्या) वाढ-घटीच्या मागोमाग जो सिस्टिम कॉल येणार आहे, तो तिच्या कित्येक पट महाग असतो. तरीही कुणाला ती परवडत नसेल तर सी++ च्या बूस्ट एशिओ लायब्ररीसारखं निदान स्पष्ट लिहा. तिथे प्रत्येक वर्गाच्या पानावर नोंद असते की वेगवेगळे ऑब्जेक्ट सुरक्षित, सामायिक ऑब्जेक्ट असुरक्षित. आवडो न आवडो, वाचणाऱ्याला काय ते कळतं.

उठवण्यासाठी सी भाषेत शटडाउन आहे. ते आकड्याला हात न लावता थेट कनेक्शनवर चालतं आणि लिनक्सवर रिसीव्हमध्ये बसलेला थ्रेड त्यानं जागा होतो. 'क्लोजच्या आधी शटडाउन करा' हा सल्ला पायथनच्या आणि बूस्ट एशिओच्या कागदपत्रांत आहे, आणि तो बरोबर आहे. पण तो डोळे मिटून लायब्ररीत घालू नका. क्लोज फक्त तुमच्या हातातला वाटा सोडतं. शटडाउन त्या कनेक्शनच्या सगळ्या वाटेकऱ्यांसाठी दार लावतं, मग ते दुसऱ्या प्रोसेसमध्ये का असेनात. माझी मूळ मागणी ज्या दोन सूचनांची आहे, त्या कर्नलनं चाळीस वर्षांपूर्वीच वेगळ्या करून दिल्या आहेत. त्या परत एका फंक्शनमध्ये कोंबल्या तुम्ही.

आता फोर्ककडे वळतो. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण पायथन, रुबी, पीएचपी आणि पर्ल यांच्या जगात वर्कर अजूनही असेच जन्माला येतात.

पालक प्रोसेसनं पोस्टग्रेस डेटाबेसशी कनेक्शन उघडलं आणि मग फोर्क झाला. गनिकॉर्न हा पायथनचा वेब सर्व्हर प्रीलोड (फोर्कच्या आधीच कोड लोड करणं) लावून चालवला आणि मॉड्यूल लोड होतानाच कुणी डेटाबेसला हात लावला, की हीच परिस्थिती तयार होते. मुलाकडे, म्हणजे फोर्कमधून निघालेल्या प्रोसेसकडे, त्या सॉकेटची प्रत आहे. मूल नुसतं मेलं तर काही बिघडत नाही, कर्नल त्याचा वाटा काढून घेतो आणि पालकाचं कनेक्शन चालू राहतं. बिघडतं ते लायब्ररी सभ्यपणे वागते तेव्हा. मुलानं कनेक्शनवर क्लोज म्हटलं की पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी सर्व्हरला आधी टर्मिनेटचा निरोप पाठवते आणि मग सॉकेट सोडते. सर्व्हरला कुठलं मूल आणि कुठला पालक हे कसं कळणार? तो सेशन संपवतो, अर्धवट व्यवहार मागे घेतो. पालक पुढची क्वेरी टाकतो तर 'सर्व्हरनं कनेक्शन अनपेक्षितपणे बंद केलं'. मधे टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) असेल तर आणखी मजा. दोघं एकाच किल्लीनं आणि एकाच क्रमांकापासून पुढे मोजू लागतात, आणि लॉगमध्ये 'बॅड रेकॉर्ड मॅक' अशी एरर येते. ती वाचून सर्टिफिकेट तपासत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा दोष नाही. त्या एररमधून फोर्कपर्यंत पोहोचायला दिव्यदृष्टी लागते.

लिबपीक्यूच्या, म्हणजे पोस्टग्रेसच्या याच क्लायंट लायब्ररीच्या, कागदपत्रांत फोर्कबद्दल इशारा आहे. इशाऱ्यापलीकडे गेलेले लोकही आहेत. पर्लच्या डीबीआय या डेटाबेस लायब्ररीमध्ये ऑटोइनॲक्टिव्हडिस्ट्रॉय नावाचा गुणधर्म आहे. तो लावला की हँडल ज्या प्रोसेसमध्ये जन्मलं त्याच्याबाहेर नष्ट झालं तरी सर्व्हरला काही कळवत नाही. पायथनसाठीची पोस्टग्रेस लायब्ररी सायकोपीजी२ प्रत्येक कनेक्शनबरोबर ते उघडणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक ठेवतं, आणि ऑब्जेक्ट कचऱ्यात जाताना क्रमांक जुळला तरच कनेक्शन नीट संपवतं. पायथनच्याच एसक्यूएल अल्केमी या डेटाबेस लायब्ररीच्या डिस्पोजला 'क्लोज=फॉल्स' असा पर्याय आहे: पूल विसरून जा, पण त्यातल्या कनेक्शनना हात लावू नका. मुलात पहिली ओळ म्हणून तो चालवायचा, अशी शिफारसच आहे.

या तिन्हींत जो विचार आहे तो तुमच्या लायब्ररीत आणायला फार तर वीस ओळी लागतील. उघडताना प्रोसेस क्रमांक टिपा. क्लोजच्या वेळी तो जुळला नाही तर निरोप, टीएलएसचं क्लोज-नोटिफाय, शटडाउन यातलं काहीही पाठवू नका, फक्त आपल्या हातातला डिस्क्रिप्टर सोडा. वापराच्या वेळी जुळला नाही तर सरळ एरर द्या आणि तिच्यात फोर्कचं नाव घ्या. त्या एका शब्दानं कुणाची तरी रात्र वाचेल.

याच्या उलट आजारही आहे, तो थोडक्यात सांगतो. तुमच्या सर्व्हरनं एखादा बाहेरचा प्रोग्राम चालवला आणि सगळे उघडे सॉकेट वारशानं त्याच्याकडे गेले. आता तुम्ही कितीही क्लोज म्हटलंत तरी तो प्रोग्राम जिवंत आहे तोवर पलीकडे फिन जात नाही, आणि पलीकडचा क्लायंट वाट पाहत बसतो. पायथननं २०१४ मध्ये ३.४ आवृत्तीपासून नवे डिस्क्रिप्टर वारशानं न जाणारे केले. लिनक्सवर सॉकेट उघडतानाच क्लोज-ऑन-एक्झेकची ('दुसरा प्रोग्राम सुरू होताना बंद हो' अशी) खूण करता येते. अजून जी लायब्ररी ती करत नाही, तिच्यासाठी माझ्याकडे सबब नाही.

थरांची मालकी हा यापेक्षा साधा, पण रोजचा विषय. सॉकेटवर स्ट्रीम, स्ट्रीमवर रीडर, रीडरवर पार्सर. सगळ्यात वरच्याला क्लोज म्हटलं तर खालचे किती बंद व्हायचे? जावात सॉकेटचा इनपुटस्ट्रीम बंद केला की सॉकेटच बंद होतं, मग लिहायचं राहिलं असेल तरी. डॉटनेटच्या नेटवर्कस्ट्रीमला बांधतानाच विचारलं जातं की सॉकेट तुझ्या मालकीचं का. पायथनच्या एआयओएचटीटीपी लायब्ररीतल्या क्लायंटसेशनला 'कनेक्टर ओनर' असा पर्याय आहे, म्हणजे दोन सेशननी एकच पूल वापरायचा असेल तर एकाच्या जाण्यानं दुसरा उघडा पडत नाही. मला हे रूप पटतं. ज्यानं उघडलं त्यानं बंद करावं, बाहेरून हातात दिलेलं बंद करू नये, आणि मालकी द्यायची असेल तर ती नाव घेऊन द्यावी. ही माहिती कन्स्ट्रक्टरच्या ओळीतच दिसली पाहिजे. कोड रिव्ह्यू करताना कागदपत्रं उघडून कोण बसतंय?

रस्ट वापरणारे इथे गालात हसत असतील. १.६३ पासून तिथे ओन्डएफडी आणि बॉरोडएफडी असे दोन वेगळे टाइपच आहेत, त्यामुळे उसन्या घेतलेल्या डिस्क्रिप्टरला बंद करणं कंपायलरच अडवतो. पण तिथेही सगळं आपोआप होत नाही. रस्टच्या टोकिओ लायब्ररीमध्ये टीसीपी स्ट्रीमचे दोन मालकीचे तुकडे केले आणि लिहिण्याचा तुकडा व्याप्तीबाहेर जाऊन गळून पडला, की लिहिण्याची बाजू शटडाउन होते. तसं कागदपत्रांत लिहिलेलं आहे, आणि ते नको असेल तर फर्गेट नावाचं फंक्शनही आहे. ते वाचेपर्यंत मात्र पलीकडचा सर्व्हर मध्येच का निघून जातो हे कोडंच राहतं.

तोडायचं ठरलं तरी कसं तोडायचं, हा प्रश्न उरतोच. वाचायचा डेटा बफरमध्ये शिल्लक असताना क्लोज केलं तर लिनक्स फिनऐवजी आरएसटी (कनेक्शन तडकाफडकी तोडल्याचा निरोप) पाठवतो. १९८९ च्या आरएफसी ११२२ या इंटरनेट-मानकामध्ये तसंच करायला सांगितलं आहे, त्यामुळे कर्नलला बोल लावू नका. परिणाम असा की सर्व्हरनं मोठं अपलोड नाकारलं, '४१३' (मजकूर फार मोठा) असं नीट उत्तर लिहिलं आणि लगेच क्लोज केलं, तर क्लायंटला ते उत्तर मिळण्याची खात्री नाही. आरएसटी आला की त्याच्याकडे पोहोचलेलं, पण अजून न वाचलेलं उत्तरही फेकलं जाऊ शकतं. वापरणाऱ्याला दिसतं फक्त 'कनेक्शन रीसेट'. म्हणून एचटीटीपीच्या आरएफसी ९११२ मध्ये सांगितलंय की आधी लिहिण्याची बाजू बंद करा, पलीकडून बंद होईपर्यंत वाचत राहा, मग पूर्ण बंद करा. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर हे करतो: डेटा येत राहिला तर एकूण ३० सेकंद, आणि ५ सेकंद काहीच आलं नाही तर तिथेच थांबतो. तुमच्या लायब्ररीत हे एका फंक्शनमध्ये, वेळेच्या मर्यादेसह मिळालं पाहिजे. ताबडतोब तोडण्याचं फंक्शन वेगळं असू दे, आणि त्याचं नाव ऐकूनच वापरणारा दोनदा विचार करेल असं ठेवा.

एचटीटीपी/२ लिहिणाऱ्यांनी सामायिक कनेक्शन मिटवण्याचा सगळ्यात शहाणा मार्ग शोधला आहे, असं माझं मत आहे. गोअवे फ्रेममध्ये सर्व्हर सांगतो की अमुक क्रमांकापर्यंतच्या स्ट्रीम (एकेका रिक्वेस्टचे प्रवाह) मी हाताळल्या असतील. त्यापुढच्यांना हातही लावलेला नाही, त्या बिनधास्त दुसरीकडे पाठवा. आधी २,१४,७४,८३,६४७ हा कमाल क्रमांक घालून पूर्वसूचना द्यायची, मधल्या वाटेवरच्या रिक्वेस्ट पोहोचू द्यायच्या, आणि मग खरा क्रमांक पाठवायचा. माझी रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत गेली की नाही, पुन्हा पाठवली तर पैसे दोनदा कापले जातील का, या प्रश्नाला इथे उत्तर मिळतं. बऱ्याच क्लायंट लायब्ररी मात्र हे मौल्यवान उत्तर आत गिळून वर फक्त 'कनेक्शन क्लोज्ड' एवढंच देतात. तो क्रमांक वरपर्यंत येऊ द्या. पूल बंद करतानाही हाच शिरस्ता ठेवा: नव्यांना प्रवेश बंद, चाललेल्यांना मुदत, आणि मुदत संपल्यावर तोडणं.

एररबद्दल एकच गोष्ट. आपणच बंद केलं, पलीकडच्यानं नीट बंद केलं, आणि मध्येच तुटलं, या तीन घटना तीन वेगळ्या एररनी सांगा. गोमध्ये अनेक वर्षं पहिली घटना ओळखायला लोक एररच्या मजकुरात 'यूज ऑफ क्लोज्ड नेटवर्क कनेक्शन' हे शब्द शोधत असत. २०२१ च्या फेब्रुवारीत १.१६ आवृत्तीत नेट.एररक्लोज्ड आला तेव्हा कुठे तो प्रकार थांबू लागला. इतक्या काळजीनं बांधलेल्या लायब्ररीतही हे राहून जाऊ शकतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आणि फायनलायझरवर, म्हणजे ऑब्जेक्ट कचऱ्यात जाताना आपोआप चालणाऱ्या कोडवर, विसंबू नका. गार्बेज कलेक्टर (नको असलेले ऑब्जेक्ट झाडणारा) कधी येईल ते त्याचं त्याला माहीत. तोवर पलीकडच्यानं बंद केलेली कनेक्शनं क्लोज-वेटमध्ये, म्हणजे आपण बंद करण्याची वाट पाहत, साचत राहतात, आणि त्या अवस्थेला टीसीपीत कुठलाही टाइमआउट नाही. फायनलायझरमध्ये सापडलेलं उघडं सॉकेट गुपचूप मिटवण्याऐवजी पायथनसारखी रिसोर्स वॉर्निंग द्या, जमलं तर ते कुठल्या ओळीवर उघडलं होतं तेही सांगा.

हे सगळं जुन्या लायब्ररीत आणताना कृपा करून आजच्या क्लोजचा अर्थ एखाद्या किरकोळ आवृत्तीत गुपचूप बदलू नका. त्याच्या आजच्या विचित्र वागण्यावर कुणाची तरी यंत्रणा उभी असणार. नवी दोन फंक्शनं शेजारी आणा, जुन्याला काही आवृत्त्या इशारा देऊ द्या, मग मोठ्या आवृत्तीत काढा. आणि चाचण्यांत एक चाचणी घाला: एक थ्रेड वाचतोय, दुसरा बंद करतोय, तिसरा त्याच क्षणी नवी कनेक्शनं उघडतोय, आणि प्रत्येक कनेक्शनवर त्याची स्वतःची खूण लिहिलेली. हजारो वेळा फिरवा. एकाची खूण दुसऱ्याकडे एकदा जरी गेली, तर ती आवृत्ती बाहेर सोडू नका.

आपला,
तुमच्या लायब्ररींचा रोजचा वापरकर्ता
पुणे